आटत्या तलावात माशांचा आसरा: खड्डा, कवेलू आणि काट्यांची तजवीज

मार्च सरत आला की तलावाचं पाणी काठापासून मागे हटू लागतं. आधी देवधानाची, म्हणजे रानधानाची, मुळं उघडी पडतात, मग चिखलाला भेगा जातात, आणि नवतप्याच्या सुमारास एवढ्या मोठ्या तलावाचं मधोमध एक गढूळ डबकं उरतं. तलावातले सगळे जीव त्या डबक्यात दाटलेले असतात. पहाटे तोंडं पाण्याबाहेर काढतात, दुपारी दिसेनासे होतात. मग एक दिवस कोणीतरी जाळं घेऊन उतरतं आणि उरलंसुरलं काढून नेतं. ‘नाहीतरी मरणारच होते’, असं म्हणतात.

मला हे वाक्य सहन होत नाही. ते मासे म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं असतं. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचं धान कांडून खात नाही. तलावाच्या बाबतीत मात्र आपण दर उन्हाळ्यात नेमकं तेच करतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतले मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव, म्हणजे आपले मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि गावोगावच्या बोड्या (लहान तळी) डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितो आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले, ढिवरांनी त्यात मासेमारी केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर गाळ काढायची रीत मोडत गेली, तलाव उथळ झाले, आणि पूर्वी मे महिन्यातही पाणी धरून असणारे खोलगट भाग भरून आले. मासे तगायचे ते त्या खोलगटात. आता ते हाताने परत करावे लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या ओढ्याच्या डोहाला किंवा कोकणातल्या कोंडालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोणते मासे राखायचे, ते आधी ठरवा

कामाला हात घालण्याआधीचा हा प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत. सगळे मासे वाचवता येत नाहीत, तसा प्रयत्न केला तर एकही वाचत नाही. म्हणून निवड करावी लागते.

कटला, रोहू आणि मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. त्यांचं बीज आपण दरवर्षी बाहेरून विकत आणून सोडतो. तेव्हा मार्चपर्यंत हे मासे काढून विकावेत, त्यात काहीच चूक नाही. उलट ते पाण्यात राहिले तर प्राणवायूचा मोठा वाटा तेच खातात.

राखायचे ते तलावातच वाढणारे आणि तलावातच वीण करणारे गावठी मासे: मरळ, गावठी मागूर, शिंगाळा, वाम, झिंगे, आणि ज्यांना बाजारात भाव नाही पण घरच्या कालवणात मान आहे ते सगळे बारीक मासे. यांचं बीज बाजारात मिळत नाही, मरळीचं मिळालं तरी महाग असतं. एकदा गेले की गेलेच. थाई मागूर आणि चिलापी (तिलापिया) मात्र या यादीत चुकूनही घेऊ नका. थाई मागुरावर तर बंदीच आहे, आणि आसऱ्याच्या खड्ड्यात तो एक जरी राहिला तरी बाकीच्यांना खाऊन संपवतो.

मासे नेमके कशाने मरतात

पाणी संपलं म्हणून मासे मेले, असं आपण म्हणतो. खरं तर पाणी संपायच्या कितीतरी आधी ते श्वासाअभावी मरतात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाणी ३५ अंशांवर गेलं की तोच आकडा ७ च्या खाली येतो, तोही पाणी निर्मळ असेल तर. इकडे पाणी तापलं की माशाची भूक वाढते, श्वासही वाढतो. शिवाय तळाशी कुजणारा पालापाचोळा आणि शेण प्राणवायू ओढत असतात. रोहू-कटल्यासारख्या माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली ते कासावीस होतात आणि १ च्या आसपास मरू लागतात.

दिवसा हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, उजाडण्याच्या जरा आधीची. दुपारी उन्हात पाणी तापलेलं दिसतं म्हणून लोक दुपारी धावपळ करतात, आणि मासे मरतात पहाटे चार-पाचला.

मरळ आणि मागूर हवेतला श्वास घेऊ शकतात, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतात. पण त्यांना पृष्ठभागावर यायला वाट हवी. वर जलपर्णीचा घट्ट थर बसला किंवा जाळ्यात अडकून ते खालीच राहिले, तर मरळसुद्धा पाण्यात गुदमरून मरते.

धोक्याची आणखी एक वेळ अवकाळी पावसाची. भर उन्हाळ्यात वादळी पाऊस येतो, हवा एकदम गार होते, वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं, सडका वास येणारं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात आणि कोणीतरी विष टाकलं असं गावभर होतं. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीवर मेनिंडी इथे डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये लाखो मासे मेले, त्यामागेही हेच गणित होतं. दुष्काळाने नदी थांबलेली, पाण्यात शेवाळ माजलेलं, आणि कडक उन्हाळ्यात अचानक हवा गार झाली. एवढ्या मोठ्या नदीत जे घडतं ते आपल्या बोडीत अर्ध्या रात्रीत घडतं.

एकूण, आसऱ्याने तीन गोष्टी द्यायला हव्यात: खोली, सावली आणि लपायला जागा. आणि चौथी गोष्ट गावाने द्यायची, ती म्हणजे त्या खड्ड्याला हात न लावण्याचा शब्द.

खड्डा यंदाच्या मेमध्ये खणायचा, कामी येईल पुढच्या उन्हाळ्यात

तलाव कोरडा पडला तरच तळात यंत्र उतरतं. म्हणजे खड्ड्याचा फायदा पुढच्या वर्षी मिळणार, हे पक्कं धरून चला. ज्या वर्षी तलाव पूर्ण आटला त्या वर्षी हळहळत बसण्यापेक्षा तोच मुहूर्त धरावा.

परवानगी लागते. मामा तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहेत आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. दोघांची लेखी संमती घ्या आणि ग्रामसभेचा ठराव करा. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे, त्यात शेतकरी गाळ आपल्या शेतात नेऊ शकतात. आसऱ्याचा खड्डा त्याच कामात बसवला तर गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न सुटतो. फरक एवढाच की यंत्रवाल्याला ‘सगळीकडून फूटभर काढ’ असं सांगायचं नाही, ‘इथेच खोल कर’ असं सांगायचं.

जागा निवडताना चार गोष्टी पाहा. एक, तलावाचा जुना नाला जिथून वाहत होता ती सखल रेषा. म्हातारे ढिवर ती बोटाने दाखवतील, त्यांना विचारल्याशिवाय फावडं मारू नका. दोन, पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्यापासून निदान १० मीटर दूर, नाहीतर पाळ खचते. तीन, खड्ड्याचा तळ तुडुमाच्या, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या दाराच्या, उंबऱ्यापेक्षा बराच खाली असावा, म्हणजे उन्हाळी धानासाठी कोणी तुडुम उघडलं तरी खड्ड्यातलं पाणी वाहून जाणार नाही. चार, गुरं जिथून पाण्यावर उतरतात त्या वाटेवर खड्डा नको. म्हशी बसल्या की गाळ ढवळला जातो आणि उरलेला प्राणवायूही संपतो.

खोली किती? इथे अंदाजाने काम करू नका, हिशोब सोपा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यावरून रोज साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० दिवस धरले तर ७० ते ९० सेंटीमीटर पाणी नुसत्या उन्हाने जातं. त्यात झिरपा मिळवा.

झिरपा मोजायची एक जुनी, बिनखर्ची रीत आहे. एक बादली घ्या, तळाशी दोन दगड ठेवा, तलावाच्या उथळ पाण्यात ती बसवा. बादलीच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीवर येईल एवढं पाणी आत भरा आणि दोन्ही पातळ्यांवर खूण करा. दोन दिवसांनी पाहा. आतलं पाणी जेवढं उतरलं ते ऊन घेऊन गेलं. बाहेरचं त्याहून जितकं जास्त उतरलं तो झिरपा. रोज ५ मिलिमीटर झिरपा असेल तर ९० दिवसांत आणखी ४५ सेंटीमीटर गेले. मोजणीच्या दिवसांत पाऊस नको आणि तुडुम बंद हवं, एवढं जपा.

सगळ्यात वाईट दिवशी खड्ड्यात निदान १ मीटर पाणी उरलं पाहिजे. म्हणजे मार्चच्या मध्याला खड्ड्याच्या तोंडाशी पाणी असेल, तर खोली अडीच ते तीन मीटर हवी. त्याहून कमी खोलीचा खड्डा म्हणजे माशांसाठी सापळा. तिथे ते जमतात आणि तिथेच शिजतात.

कडेचा उतार एका मीटर खोलीला दीड मीटर ठेवा, काळी माती याहून उभी राहत नाही. एक बाजू अजून सपाट ठेवा, एका मीटरला तीन मीटर, म्हणजे पडलेलं वासरू किंवा पोर बाहेर येऊ शकेल. यावर काटकसर करू नका.

आणि सगळ्यात मोठी चूक टाळा: गाळाखालचा चिकणमातीचा थर फोडून मुरमात जाऊ नका. तलाव पाणी धरतो तो त्या थरामुळे. पोकलेनच्या बादलीत पिवळसर खडा दिसू लागला की लगेच थांबा. यंत्रावरचा माणूस तासाच्या पैशावर असतो, तो थांबणार नाही, तुम्हीच तिथे उभं राहायला हवं. थर फुटलाच तर चिकणमाती परत आणून पायांनी तुडवून फूटभर थर द्यावा लागतो.

वरून २४ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खड्डा, सगळीकडून दीडच्या उताराने खणला (सपाट बाजूची जादा माती वेगळी), तर तळ १५ बाय ५ मीटर राहतो आणि माती निघते साधारण ५७५ घनमीटर. ट्रॅक्टरच्या दोनशेच्या वर ट्रॉल्या होतात. एका बोडीला असा एक पुरे. मोठ्या तलावात दोन असावेत, एकमेकांपासून दूर, म्हणजे एकात काही बिघडलं तर दुसरा उरतो.

किती मासे मावतात

आता याच खड्ड्यात शेवटी १ मीटर पाणी उरलं, असं धरा. उतारामुळे ते फक्त १०८ घनमीटरच्या आसपास भरतं. यंत्राने हवा न देता, नुसत्या साठलेल्या पाण्यात मी १० घनमीटरला १ किलो मासा हा ठोकताळा धरतो. म्हणजे दहा-अकरा किलो.

हा आकडा ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. एवढा मोठा खड्डा आणि दहा किलो मासे? पण दहा किलोत काय येतं ते पाहा. अर्ध्या किलोच्या आठ मरळी, म्हणजे चार किलो. उरलेल्यात मागूर, शिंगाळे, वाम, आणि दोनेक किलो बारीक मासे, जे संख्येने शेकड्यांत असतात. मरळीची एक मादी काही हजार अंडी घालते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. तलाव पुन्हा भरायला हे बियाणं पुरतं. मरळ-मागूर हवेतून श्वास घेतात म्हणून आकडा थोडा ताणता येतो, पण बारीक माशांना ती सवलत नाही.

म्हणूनच मार्चमध्ये विरळणी करायची. पाणी दोन मीटरच्या वर असतानाच कटला-रोहू आणि बाकीचे जास्तीचे मासे काढून विकून टाका. ज्यांना राखायचं त्यांना पुन्हा सोडा. विरळणी उशिरा केली, मेमध्ये जाळं ओढलं, तर गाळ ढवळून राखायचे मासेही जातात.

लपायला जागा: कवेलू, वेळू, पाइप

खड्ड्यात नुसतं पाणी असेल तर मरळ बारीक माशांना खाते, बगळे आणि पाणकावळे मरळीला खातात, आणि रात्री जाळं टाकणारा सगळ्यांनाच घेऊन जातो. तळाशी अडसर आणि आडोसा, दोन्ही हवं.

गावोगाव घरांवर स्लॅब पडले आणि जुने कवेलू, म्हणजे छपराची मातीची कौलं, परसात ढीग लावून पडले आहेत. माशांच्या घरासाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. मातीचे आहेत, पाण्यात काही सोडत नाहीत, अर्धगोल असल्याने एक उताणा आणि त्यावर दुसरा पालथा ठेवला की बोगदा तयार होतो. तळाच्या चिखलात कवेलू थेट टाकले तर एका पावसाळ्यात गाडले जातात. म्हणून आधी दगडांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा वीतभर थर द्या, त्यावर कवेलूंचे चार-पाच थर आडवे-उभे रचा. फटी मुद्दाम लहान-मोठ्या ठेवा. बोटभर फटीत झिंगे आणि बारीक मासे शिरतात, तिथे मरळ पोचत नाही. हातभर पोकळीत मरळ आणि मागूर बसतात. एका खड्ड्यात असे चार-पाच ढीग, मधून वाट सोडून.

वाम आणि मागुराला नळी आवडते. जाड वेळूचे हात-दीड हात तुकडे करून आतल्या गाठी लोखंडी सळईने फोडा, दहा-बारा तुकड्यांची मोळी तारेने बांधा आणि दगड बांधून बुडवा. वेळू दोन-तीन वर्षं टिकतो. उरलेल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतील, पण त्यातून आधी कीटकनाशक किंवा खत गेलेलं नसावं. फुटक्या सिमेंट पाइपही चालतात, मात्र नव्या सिमेंटला आठवडाभर पाण्यात मुरवून ते पाणी फेकून द्या, नव्या सिमेंटचा चुना माशांना बाधतो. टायर मी वापरत नाही. कोणी सुचवलं तरी नको म्हणा, पाण्यात रबर सडत पडावं असं काही तिथे ठेवायचं कारण नाही.

काट्यांची रास, आणि माझ्या हातून झालेली चूक

बाभळीच्या फांद्यांची रास दोन कामं करते. बारीक माशांना दाट आडोसा देते आणि जाळं फाडते. काटे असलेल्या खड्ड्यात जाळं टाकायला कोणी धजत नाही. आसाम, बंगाल आणि बांगलादेशात फांद्यांच्या अशा राशी नदीत आणि बिलात, म्हणजे मोठ्या पाणथळ तळ्यांत, टाकायची जुनी पद्धत आहे, तिथे ती मासे गोळा करून पकडण्यासाठी असते. आपण तीच रास मासे राखायला वापरतो.

पहिल्या वर्षी मी बाभळीच्या ओल्या, पानांसकट फांद्या ट्रॉलीभर टाकल्या. आठ दिवसांत पाला कुजला, पाणी चहासारखं झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात पहाटे मासे उलटले. त्या सकाळी मी काठावर बसून मेलेल्या मरळी मोजल्या. त्या जगल्या असत्या. पाला कुजताना प्राणवायू खातो, हे मला माहीत होतं, पण एवढ्या लहान पाण्यात त्याचा केवढा भार पडतो याचा अंदाज नव्हता.

तेव्हापासून रीत ठरली. फांद्या डिसेंबर-जानेवारीत तोडायच्या, महिनाभर उन्हात वाळवायच्या, झोडपून पाला झाडायचा, मगच बुडवायच्या. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या बऱ्या, बारीक डहाळ्या लवकर कुजतात. मोळीला मजबूत दोरीने दगड बांधा, नाहीतर तरंगते. राशीने खड्ड्याचा एक-चतुर्थांश भागच व्यापावा, बाकी पाणी मोकळं राहू द्या.

कोणतं लाकूड नको, तेही सांगतो. रामेठा, गेळा, हिंगणबेट, शेर आणि निवडुंग यांच्यापैकी काहीही पाण्यात जाता कामा नये. आपल्या पूर्वजांनी यांचा मासे भुलवायला वापर केला आहे, ते उगीच नाही. करंजही टाळा. बेशरम मात्र काठावरून उपटून बाहेर जाळा. तिची मोळी पाण्यात टाकली तर ती तिथेच फुटते आणि दोन वर्षांत खड्डा गिळते.

सावली

बांबूचे चार खांब रोवून त्यावर मांडव घालता येतो, पण वादळात तो टिकत नाही. मला तरंगती सावली जास्त पटते. वेळूची ३ बाय ३ मीटरची चौकट बांधा, खाली दोन-तीन रिकामे बंद डबे बांधा, वर शेडनेट किंवा वाळलेल्या सिंदीच्या झावळ्या अंथरा आणि दोरीने दोन्ही काठांना ताणून ठेवा. पाणी उतरलं की चौकट आपोआप खाली येते. अशा सहा-सात चौकटी पुरतात. पाण्याचा तिसरा हिस्सा झाकावा, फार तर निम्मा. सगळंच झाकलं तर शेवाळाला ऊन मिळत नाही, वाऱ्याने पाणी हलत नाही आणि प्राणवायू येणारी दारं बंद होतात. चौकटी पश्चिमेकडे ठेवा, दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं.

जलपर्णी सोडून फुकट सावली करावी, असं कोणाच्या तरी मनात येतंच. कृपा करून सोडू नका. ती महिन्यात अख्खा खड्डा झाकते.

त्याऐवजी खड्ड्याच्या सपाट काठावर चिला, म्हणजे हायड्रिला, थोडी लावा. पाण्यातच वाढणारी आहे, दिवसा प्राणवायू देते, बारीक माशांना आडोसा होतो. तिसऱ्या हिश्श्याच्या वर पसरली तर हाताने काढा. वरच्या काठाला देवधान आणि गाद (ही काठची पाणवनस्पती) राहू द्या. उन्हाळ्यात ते वाळतील, पण पाऊस पडताच मासे अंडी घालायला तिथेच जातील.

एप्रिल ते जून: रोज पहाटे एक फेरी

राखणीचं काम दोन-तीन घरांनी वाटून घ्यावं. उजाडताना काठावर जायचं आणि पाहायचं. बारीक मासे वर तोंड काढून हवा पीत असतील आणि काठीच्या आवाजाने खाली गेले, तर ताण आहे पण वेळ आहे. आवाज करूनही खाली जात नसतील तर त्याच तासाला काहीतरी करावं लागेल. झिंगे आणि गोगलगायी पाण्याबाहेर काठावर चढू लागल्या, तर ती त्याच्याही आधीची सूचना असते. मरळ अधूनमधून वर येऊन घोट घेते, ते तिचं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका.

हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा दिसत असेल तर ठीक. मनगटही दिसत नसेल आणि पाणी गडद हिरवं असेल तर शेवाळ माजलं आहे. अशा पाण्यात शेण, खत, कोंडा, भाकरी, काही टाकू नका. दया म्हणून टाकलेलं अन्न कुजतं. एप्रिलनंतर या खड्ड्यात चाराही देऊ नये.

पाणी घालायची सोय असेल तर पहाटे ३ ते ६ च्या दरम्यान घाला. बोअरचं पाणी खोलातून येतं तेव्हा त्यात प्राणवायू अगदी कमी असतो, म्हणून ते थेट सोडू नका. काठावर दगड किंवा कवेलूंची उतरण रचून त्यावरून खळाळत खाली येऊ द्या. थोडं थोडं, रोज. एकदम भरपूर गार पाणी ओतलं तर माशांना झटका बसतो. बाहेरचं पाणी नसेल, तर पंपाने खड्ड्यातलंच वरचं पाणी उचलून त्याच उतरणीवरून परत सोडलं तरी चालतं. पंपाचं फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं टोक) तळाला टेकू देऊ नका, गाळ उठतो, आणि त्याला बारीक जाळी बांधा. डिझेल पंप असेल तर तो काठापासून लांब ठेवा, पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्राही घातक असतो.

वादळी पाऊस आला की त्या रात्री जागावं. पंपाने पाणी उचलून फवारायची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच असते.

मेलेले मासे लगेच काढून लांब पुरा. बगळ्यांनी चार मासे नेले तर नेऊ द्या, तो त्यांचा वाटा आहे. माणसांपासूनची राखण अवघड. ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून, करंट लावून मासे मारणारे येतात, आणि लहान पाण्यात एक मूठ विष सगळं संपवतं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून पाण्यात विष टाकून किंवा स्फोट करून मासे मारणं गुन्हा आहे. हे फलकावर लिहा, पण फलकावर विसंबू नका. ज्या घरांना उन्हाळ्यात मासळीवाचून दुसरी मिळकत नसते, त्यांना मार्चच्या विक्रीतला हिस्सा आधी द्या आणि राखणीचं काम त्यांनाच मजुरीवर द्या. ग्रामसभेत ढिवर बायांना बसवा आणि बोलू द्या, खड्ड्यावर रोजची नजर त्यांचीच असते.

खड्डा नाही आणि पाणी दोन फूटच उरलंय

अशा वर्षी मोठी स्वप्नं सोडा. सगळ्यात खोल जागेत हाताने जमेल तेवढा, फूट-दीड फूट चर करा, पण मासे नसलेल्या कडेने सुरू करून आत सरकत जा. काठावर वाळक्या झावळ्यांची तरंगती सावली आणि तळाला कवेलूंचे दोन ढीग. गुरांची वाट काट्यांनी बंद करा आणि त्यांच्यासाठी वेगळी पाण्याची सोय करा, नाहीतर भांडण होईल आणि ते रास्तच असेल.

तेही जमणार नसेल तर बियाण्याचे पंधरा-वीस मासे त्याच शिवारातल्या शेततळ्यात किंवा पिण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या विहिरीत हलवा. पहाटे पकडा, ओल्या हाताने धरा, झाकण असलेल्या भांड्यात न्या, कारण मरळ उडी मारते. तिथे पोचल्यावर भांडं पंधरा-वीस मिनिटं त्या पाण्यात तरंगत ठेवा, मग हळूहळू तिथलं पाणी आत घेत मासे सोडा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कवेलू ठेवताना खाली गोणपाट घाला. दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातले मासे इथे किंवा इथले तिकडे नेऊ नका.

पाऊस पडल्यावर

कंबोडियात गावोगाव असे राखीव तलाव आहेत. कोरड्या हंगामात तिथे मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात तिथले मासे भातखाचरांत पसरतात, तिथूनच लोकांना मासळी मिळते. यातली महत्त्वाची गोष्ट आहे ती वाट. खड्ड्यातून तलावात, तलावातून नाल्यात आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, मासे जाऊ शकले नाहीत, तर राखलेलं बियाणं खड्ड्यातच अडकून राहतं. म्हणून मेच्या शेवटी, मृगाच्या आधी, वरच्या नाल्याचं तोंड आणि बांध्यांकडे जाणारे पाट मोकळे करा. कोकणात वलगणीचे आणि कोल्हापूरकडे चढणीचे मासे म्हणतात, ते या पहिल्या पाण्यावर वर चढणारेच. त्या वेळी नाल्याच्या तोंडावर आडवं जाळं लावणं म्हणजे उन्हाळाभराची राखण पाण्यात घालणं. पहिल्या चांगल्या पावसापासून निदान दोन महिने तिथे जाळं नको, आणि धानावर फवारणी केलेल्या बांधीचं पाणी लगेच तलावात सोडू नका.

खड्डा दर पावसाळ्यात वीतभर तरी गाळाने भरतो. दोन-तीन वर्षांनी तलाव पुरता आटेल तेव्हा तो पुन्हा साफ करावा लागेल, कवेलू उचलून, धुऊन, परत रचून.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी काठाने एक चक्कर मारा. देवधानाच्या कडेला उथळ पाण्यात तांबूस-नारिंगी पिलांचा एक गोळा वर-खाली होताना दिसतो, खाली त्यांची मरळ असते. दगड मारू नका, जवळ जाऊ नका. असे गोळे किती दिसले ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये विरळणी किती करायची, ते ठरवताना ती वही उघडायची आहे.